ऊर्जेचे प्रकार पाठ करून घेण्याआधी २० चिंचोके गोळा करा

सहावीतल्या एका मुलीला मी ऊर्जेचे प्रकार विचारले, तिने एका दमात सांगितले, यांत्रिक, उष्णता, प्रकाश, ध्वनी, रासायनिक, विद्युत, अणुऊर्जा, एकही राहिला नाही. मग मी हातातला चेंडू सोडला, तो टप्पे घेत घेत थांबला, आणि तिला विचारलं की आता याची ऊर्जा कुठं गेली. ती म्हणाली "संपली सर". बाकीचा वर्गही हो संपली म्हणाला. म्हणजे प्रकार सगळे पाठ होते पण मुख्य गोष्ट पोचलीच नव्हती, आणि ते शिकवलेलं माझंच होतं. मी सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, त्यानंतर हा धडा शिकवायची पद्धत मी पूर्ण बदलली, ती इथं पायरीपायरीने लिहितोय. चौथी ते सातवीच्या मुलांना चालते, शिक्षकांनी वर्गात करा नाहीतर आईवडिलांनी घरी करा, आठदहा दिवस रोज अर्धा पाऊण तास दिला की होतं.

सामान फार लागत नाही. २० चिंचोके, खडू, रबरी चेंडू, मीटरपट्टी, रबरबँड, एक झाकणाचा गोल डबा, जुना पेन्सिल सेल, मोडक्या खेळण्यातली छोटी मोटर, लाल एलईडी, चार लिंबं, तांब्याची तार, जस्ताचा मुलामा असलेले चार खिळे. आणि एक नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका, घरातल्या प्लगला, बोर्डाला कुणीही हात लावायचा नाही, आपले सगळे प्रयोग सेलवर.

पहिली पायरी, शब्द साफ करा

हे कुणी करत नाही आणि निम्मा गोंधळ इथंच असतो. आपण मराठीत "लाईट गेली" म्हणतो तेव्हा आपल्याला वीज गेली असं म्हणायचं असतं, आणि "लाईट लाव" म्हणतो तेव्हा दिवा. मुलाच्या डोक्यात वीज आणि प्रकाश एकच होऊन बसतात, मग परीक्षेत "पंख्यात कोणती ऊर्जा जाते" याला "प्रकाश ऊर्जा" असं उत्तर येतं आणि आपण म्हणतो पोराचं लक्ष नाही. लक्ष असतं हो, घरात पंखा लाईटवरच चालतो ना! म्हणून पहिल्या दिवशी फळ्यावर दोन रकाने करा, वीज आणि प्रकाश, आणि "लाईट" शब्द आलेली रोजची वाक्यं मुलांकडूनच काढून योग्य रकान्यात टाकायला लावा.

तसंच "सोलर". गच्चीवर पाणी तापवणारा असतो तोही सोलर आणि वीज तयार करणारी काळी निळी पॅनल असतात तीही सोलर. पहिल्यात सूर्याच्या प्रकाशाची थेट उष्णता होते, दुसऱ्यात प्रकाशाची वीज होते. गावात दोन्ही असतील तर मुलांना नेऊन दाखवा, पाच मिनिटांत कळतं.

ताकद, जोर, बल, शक्ती, ऊर्जा हे बोलताना आपण कसेही वापरतो, विज्ञानात ते वेगळे आहेत. बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं. शक्ती म्हणजे काम किती भराभर होतंय ते. ऊर्जा म्हणजे काम करायची क्षमता. पण ही व्याख्या लिहून द्यायची घाई करू नका, लहान मुलांना मी एवढंच सांगतो की ज्याच्यामुळं काहीतरी हलतं, तापतं, उजळतं किंवा वाजतं ती ऊर्जा. पुढं व्याख्या आपोआप बसते.

दुसरी पायरी, दोनच प्रश्न

कुठलीही गोष्ट घडताना दिसली की दोन प्रश्न विचारायचे, ऊर्जा आधी कुठं होती आणि आता कुठं गेली. तळहात एकमेकांवर घासायला लावा, गरम झाले, मग विचारा ही उष्णता आली कुठून, मुलं म्हणतील घासल्यामुळं, ठीक, हात हलत होते म्हणजे गतीतून आली, मग हाताला गती कुठून, सकाळच्या भाकरीतून. झाली साखळी. भाकरीत रासायनिक ऊर्जा, तिची हाताची गती, गतीची उष्णता.

इथं एक अडचण येते, साठलेली ऊर्जा डोळ्याला दिसत नाही. कपाटावर ठेवलेला दगड नुसता बसलेला असतो, त्यात ऊर्जा आहे हे मूल का मानेल? त्यासाठी बारीक वाळू किंवा राख परातीत सपाट करून घ्या आणि एकच गोटी आधी गुडघ्याच्या उंचीवरून, मग कमरेच्या, मग डोक्याच्या उंचीवरून टाका, प्रत्येक वेळी खड्डा किती खोल पडला ते काडीने मोजा. गोटी तीच, वाळू तीच, खड्डा मात्र मोठा होत जातो, म्हणजे उंचीवर नेताना आपण गोटीत काहीतरी साठवलं होतं. हीच स्थितिज ऊर्जा. ताणलेली बेचकी, चावी भरलेली खेळण्यातली गाडी, ही त्याच घरातली उदाहरणं, फक्त इथं उंचीऐवजी ताण आहे. भोवरा मुद्दाम वेगळा काढा, जाळी गुंडाळलेल्या भोवऱ्यात काही साठलेलं नसतं, त्याला गती हाताच्या झटक्यातून मिळते. मुलं हमखास इथं फसतात आणि त्या वादातूनच साठवणं म्हणजे काय ते पक्कं होतं.

परत येणारा डबा नक्की करा, याच्याएवढा परिणाम दुसऱ्या कशाचा होत नाही. गोल डब्याच्या तळाला आणि झाकणाला मधोमध भोक पाडा (भोक मोठ्यांनी पाडायचं, पत्रा हात कापतो), आतून एक मोठा रबरबँड दोन्ही भोकांतून काढा आणि बाहेरच्या बाजूला काडी अडकवून पक्का करा. रबराच्या मधोमध पेन्सिल सेल दोऱ्याने घट्ट बांधा, तो डब्याच्या भिंतीला लागता कामा नये, लागला तर सगळा खेळ फसतो. आता डबा फरशीवर ढकला. डबा गोल फिरतो पण सेल जड असल्यामुळं खालीच लोंबत राहतो, त्यामुळं रबराला पीळ बसतो, डबा हळू होत होत थांबतो आणि मग स्वतःहून उलटा येतो. डबा थांबला त्या क्षणी मुलांना विचारा "आता ऊर्जा संपली?" ती हो म्हणेपर्यंत डबा परत निघालेला असतो. माझ्या वर्गात इथं ओरडा होतो आणि मी तो होऊ देतो.

तिसरी पायरी, चिंचोके

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, दोन तीन दिवस गेले तरी जाऊ द्या. अंगणात किंवा वर्गाच्या फरशीवर खडूने आठ मोठी वर्तुळं काढा आणि नावं घाला, उंची, ताण, गती, रासायनिक, वीज, प्रकाश, ध्वनी, उष्णता. उष्णतेचं वर्तुळ सगळ्यात मोठं काढा, का ते मुलांना नंतर कळेल. २० चिंचोके म्हणजे आपली सगळी ऊर्जा. नियम एकच, चिंचोका या वर्तुळातून त्या वर्तुळात न्यायचा, पण खिशात घालायचा नाही आणि बाहेरून नवा आणायचा नाही, कधीही मोजले तरी २० भरले पाहिजेत. ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्ट होत नाही, तिचं फक्त रूप बदलतं, हे वाक्य मुलं वर्षभर घोकतात, इथं ते हाताने करतात.

सुरुवात चेंडूने करा. भिंतीला मीटरपट्टी लावून चेंडू १०० सेंटिमीटरवरून सोडा आणि पहिला टप्पा घेऊन किती वर येतो ते एकाला खाली बसून बघायला सांगा. समजा ६० सेंटिमीटर आला. सोडण्याआधी २० चिंचोके उंचीच्या वर्तुळात होते, खाली येताना ते गतीत गेले, टप्प्यानंतर परत उंचीत आले पण १२च, कारण उंची ६० टक्केच आहे. मग ८ कुठं गेले? मुलं म्हणतील आवाजात. थोडीशी गेली खरी पण आवाजाला ऊर्जा फारच कमी लागते, पूर्ण एक चिंचोकासुद्धा होत नाही. बाकी सगळी चेंडू आणि फरशी किंचित तापण्यात गेली. ते तापणं हाताला कळत नाही म्हणून लगेच एक जाड लोखंडी तार द्या आणि एकाच जागी भराभर पंधरावीस वेळा वाकवायला सांगा, वाकवलेल्या जागी बोट हळूच टेकवलं की चटका जाणवतो. दुसऱ्या टप्प्याला चेंडू ३६ सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे सात चिंचोके उरले. असं करत चेंडू थांबतो तेव्हा सगळे २० उष्णतेत जाऊन बसलेले असतात. "संपली" या उत्तराची जागा आता "पसरली" हा शब्द घेतो, आणि मला मुलांकडून हवा असतो तो हाच शब्द.

मग दिवे घ्या. जुना तारेचा पिवळा बल्ब, विजेच्या २० चिंचोक्यांपैकी प्रकाशात जेमतेम एक, उष्णतेत एकोणीस. एलईडी बल्ब, प्रकाशात साधारण सहा, बाकी उष्णतेत. ९ वॅटचा एलईडी जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड का देतो ते मुलांना इथं न सांगता समजतं. कुकरची शिट्टी घ्या, गॅसमधली रासायनिक ऊर्जा, तिची उष्णता, वाफेची गती, शेवटी ध्वनी. दिवाळीतलं भुईचक्र घ्या, दारूतल्या रासायनिक ऊर्जेची एकदम उष्णता, प्रकाश, ध्वनी आणि गती, चार वर्तुळांत वाटायचे आहेत, कुणाला किती यावर मुलांना भांडू द्या. इथले आकडे अंदाजाचे असतात आणि ते मुलांना स्पष्ट सांगा, पण बेरीज मात्र २०च आली पाहिजे.

चौथी पायरी, सेल, लिंबू, मोटर

सेलमध्ये वीज भरून ठेवलेली असते असं मोठ्या माणसांनाही वाटतं, "चार्जिंग भरलं" असंच आपण म्हणतो. आत असतात रसायनं, वायर जोडून मंडल पूर्ण झालं की रासायनिक ऊर्जेची विद्युत ऊर्जा होते. लिंबाने हे छान दाखवता येतं. एका लिंबात एक तांब्याची तार आणि एक जस्ताचा खिळा खुपसा, दोघं आत एकमेकांना लागू देऊ नका, अशी चार लिंबं करा, एकाचं तांबं पुढच्याच्या खिळ्याला जोडत जा, शेवटच्या दोन टोकांना लाल एलईडी लावा, लांब पाय तांब्याकडे. उजेड मंद असतो, खोलीत अंधार करून बघा, आणि टॉर्चचा साधा बल्ब यावर लागत नाही त्यामुळं तो जोडून निराश होऊ नका. ऊर्जा मुख्यतः खिळ्यावरच्या जस्तातून येते, लिंबाचा रस त्याला मदत करतो, "लिंबात वीज असते" असं लिहून देऊ नका. प्रयोग झाल्यावर लिंबं टाकून द्यायची, जस्त उतरलेलं असतं, सरबत करायचं नाही.

आता मोटर. सेल जोडला की फिरते, वीज ते गती. तीच मोटर उलटी वापरा, दोन वायरींना लाल एलईडी जोडा, मोटरच्या दांडीला दोरा गुंडाळा आणि झटकन ओढा. एलईडी क्षणभर चमकतो. नाही चमकला तर एलईडीचे पाय उलटे लावा, तो एकाच दिशेने चालतो. घरात आजोबांची डायनामोवाली सायकल असेल तर सोन्याहून पिवळं, मुलाला आधी डायनामो टायरला न लावता पेडल मारायला सांगा आणि मग लावून. पेडल जड होतं. दिव्याचा उजेड फुकट येत नाही, तो आपल्या पायातून येतो, ही गोष्ट मुलाच्या मांडीला समजते.

ध्वनीसाठी पातेल्यावर प्लास्टिक ताणून बांधा, वर तांदळाचे दाणे टाका आणि शेजारी थाळी वाजवा, दाणे नाचतात. उष्णतेतून गती दाखवायला कागदाची गोल नागमोडी पट्टी कापून दोऱ्याने दिव्याच्या वर वीतभर लांब टांगा, तापलेली हवा वर जाते आणि पट्टी फिरायला लागते, हे मोठ्यांनी धरायचं.

पाचवी पायरी, खरं वीजघर

आमचं नशीब की कोयना आमच्या तालुक्यातच आहे, पण तुम्ही कुठंही असा हे उदाहरण घ्याच. धरणामागच्या शिवसागर जलाशयात पाणी उंचावर साठलेलं असतं, ते सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला नेतात आणि कोकणाच्या बाजूला पोफळीच्या भूमिगत वीजघरात साडेचारशे मीटरपेक्षा जास्त खाली सोडतात. टर्बाइन फिरतं, त्याला जोडलेलं जनित्र फिरतं, वीज तयार होते आणि पाणी वाशिष्ठी नदीत जातं. कोयना नदी खरं तर कऱ्हाडला कृष्णेला मिळून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाणारी, पण वीजघरातून गेलेलं पाणी अरबी समुद्राला मिळतं, मुलांना नकाशावर बोट फिरवून हे बघायला फार आवडतं. सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. आणि आत जे फिरतं ते तत्त्वाने तुमच्या दोऱ्याने ओढलेल्या मोटरसारखंच, फक्त अवाढव्य.

चिंचोके मांडा. पाण्याच्या उंचीतल्या २० पैकी सतराअठरा वीज होतात, जलविद्युत त्यात हुशार आहे. मग चंद्रपूरचं औष्णिक केंद्र मांडा, कोळशाच्या २० पैकी साधारण सातच वीज होतात, तेरा धुराड्यातून आणि थंड करायच्या पाण्यातून बाहेर जातात. मुलं लगेच विचारतात मग कोळसा का जाळतात. उत्तर द्या, पाऊस आणि डोंगर सगळीकडे नसतात आणि विजेची गरज बाराही महिने असते.

साखळी आता मागं न्या. धरणातलं पाणी उंचावर नेलं कुणी? सूर्याने, समुद्राची वाफ करून. ज्वारीत ऊर्जा आली कुठून? सूर्यप्रकाशातून. कोळसा? कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं. वाराही सूर्याने जमीन कमीजास्त तापल्यामुळं वाहतो, म्हणजे चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यासुद्धा त्याच्याच. आणि एक अपवाद हमखास सांगा, पालघर जिल्ह्यातलं तारापूर, तिथं १९६९ पासून अणुऊर्जेतून वीज होते आणि ती युरेनियमच्या अणुकेंद्रातून येते, आपल्या सूर्यातून नाही.

सहावी पायरी, आकडे (फक्त सहावी सातवीला)

ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. १० लिटरची पाण्याची बादली १ मीटर उचलली की साधारण १०० ज्यूल. प्रत्येक मुलाला एकदा उचलू द्या, आकडा अंगात बसला पाहिजे. ९ वॅटचा बल्ब दर सेकंदाला ९ ज्यूल घेतो, म्हणजे एका बादलीवर तो ११ सेकंद चालेल. कोयनेचं एक लिटर पाणी ४५० मीटर खाली आलं की साधारण ४,४०० ज्यूल, म्हणजे मधली गळती सोडली तर तोच बल्ब आठ मिनिटं.

लाईट बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे ती बादली ३६,००० वेळा उचलणं. हे ऐकल्यावर वर्ग गप्प होतो. २,००० वॅटचा गीझर पाव तास चालवला की अर्धं युनिट, तेवढ्यात ९ वॅटचा बल्ब ५५ तास चालतो, तापवणं महाग असतं ते असं. बिस्किटाच्या पुड्यावर १०० ग्रॅमला किती किलोकॅलरी ते छापलेलं असतं, साडेचारशेच्या आसपास. एक किलोकॅलरी म्हणजे जवळपास ४,२०० ज्यूल, म्हणजे १० ग्रॅम बिस्किटात १ लाख ९० हजार ज्यूल, कागदावर १,९०० बादल्या. पण आपले स्नायू २० पैकी चारपाच चिंचोकेच कामाला लावतात, बाकीची उष्णता होते, पळाल्यावर घाम येतो तो म्हणून.

शेवटी तपासायचं कसं

प्रकार सांगा, उदाहरणं लिहा, असले प्रश्न विचारू नका, त्याला पाठांतर पुरतं. असे विचारा. झोका हळूहळू थांबतो, चिंचोके कुठं? मोबाईल चार्ज होताना गरम का होतो? पंखा बंद खोलीत एकटाच तासभर चालला तर खोली थंड होते का? (नाही, किंचित तापते, आपल्याला गार वाटतं ते घाम वाळल्यामुळं.) आणि सगळ्यात शेवटी माझा आवडता, दारं खिडक्या लावून फ्रीजचं दार उघडं ठेवलं तर स्वयंपाकघर गार होईल का? याचं उत्तर लगेच देऊ नका, एक रात्र जाऊ द्या. फ्रीजच्या मागच्या बाजूला हात जवळ नेऊन बघायला सांगा, भिंतीतून वीज आत येतेय तेवढे चिंचोके खोलीत नवे येतायत आणि बाहेर एकही जात नाही हे ज्याला दिसतं तो सांगतो की खोली तापेल. मागच्या वर्षी हे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठाआधीच मला फाटकापाशी गाठून दिलं ते त्याच मुलीच्या धाकट्या भावाने, आणि त्याने हातात खरंच चिंचोके आणले होते.